दहा गोळ्यांची मर्यादा: न्यू जर्सीत सामान हलवण्याआधी, आणि मेव्हण्यांशी वाद घालण्याआधी

आलेला प्रश्न असा. ह्यूस्टनमधलं एक मराठी कुटुंब नोकरीपायी न्यू जर्सीत, एडिसनला, राहायला येतंय. ग्रीन कार्ड आहे. टेक्ससमध्ये रीतसर घेतलेलं ९ मिलिमीटरचं पिस्तूल आहे, त्यासोबत १५ गोळ्यांची दोन मॅगझिनं (पिस्तुलात बसणारे, गोळ्या भरायचे डबे). "न्यू जर्सीत १० गोळ्यांची मर्यादा आहे म्हणे. मॅगझिन १५ चं असलं तरी मी त्यात १० च भरल्या तर चालेल का? आणि मुळात या मर्यादेने कुणाचा जीव वाचतो का? एडिसनचे मेव्हणे म्हणतात सगळं थोतांड आहे. बायको म्हणते हे देशभर हवं."

मी वकील नाही. डेलावेअर नदीच्या पेनसिल्व्हेनियाच्या काठावर बरीच वर्षं पिस्तूल शिकवतो. आमच्याकडे मॅगझिनला मर्यादा नाही, पूल ओलांडला की १०. विद्यार्थी दोन्ही काठांवरून येतात, त्यामुळे हा वाद मला रोज ऐकावा लागतो, तोही दोन्ही बाजूंनी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, चालणार नाही. तुम्ही गोळ्या किती भरल्या हे न्यू जर्सीचा कायदा बघत नाही, मॅगझिनमध्ये किती मावतात ते बघतो. सेमी-ऑटोमॅटिक शस्त्राला (चाप दर वेळी ओढला की एकच गोळी सुटते, पुढची आपोआप चढते) सलग गोळ्या पुरवणारं, दहापेक्षा जास्त गोळ्या मावणारं मॅगझिन जवळ बाळगणं हाच तिथे गुन्हा आहे. मग ते रिकामं असो, खोक्यात गुंडाळलेलं असो, की पिस्तूल अजून ह्यूस्टनलाच असो. हा चौथ्या श्रेणीचा गुन्हा धरतात आणि त्याला १८ महिन्यांपर्यंत कैद आहे. त्यात तुम्ही ग्रीन कार्डवाले. शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे इमिग्रेशन कायद्यात देशाबाहेर काढण्याचं एक वेगळंच कारण आहे. अमेरिकी नागरिकाला जे प्रकरण वकिलाची फी आणि मनस्ताप यांवर निभावेल, त्यात तुमचं इथलं सगळं बस्तान पणाला लागू शकतं. म्हणून ती दोन मॅगझिनं नदीच्या या बाजूलाही आणू नका, टेक्ससमध्येच विकून टाका किंवा देऊन टाका.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण आपल्या लोकांत याबद्दल फार गैरसमज आहेत. एच-वन-बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या आधाराने शहाणपणा करू नये. तुमचं ग्रीन कार्ड आहे म्हणून आपण पुढे बोलू शकतो. तुमच्याकडे येऊन राहणारा एच-वनवाला भाचा मात्र त्या पिस्तुलापासून लांबच राहू द्या.

न्यू जर्सीत १९९० पासून मर्यादा १५ ची होती. जून २०१८ मध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांनी ती १० वर आणणाऱ्या कायद्यावर सही केली. लोकांना १८० दिवस दिले: मॅगझिन कायमचं बदलून घ्या, राज्याबाहेर विका, नाहीतर पोलिसांकडे जमा करा. डिसेंबरात ती मुदत संपली. आधीपासून जवळ आहे म्हणून सूट, असा प्रकार सर्वसामान्यांसाठी ठेवला नाही. पोलिसांना आणि ठरावीक निवृत्त पोलिसांना मात्र ठेवला, त्याबद्दल पुढे बोलतो.

आता तुमच्या घरातल्या वादाकडे वळू.

मॅगझिन म्हणजे पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा लांबट डबा. आत एक स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर गोळ्यांना वर ढकलणारी पट्टी, खाली सरकवायचं झाकण. यात अवघड तंत्र काही नाही. त्याच डब्यात अडथळा बसवून रिव्हेट मारलं की १५ चं १० चं होतं. बरीचशी पिस्तुलं मुळात १५ किंवा १७ गोळ्यांच्या मॅगझिनसहच तयार होतात आणि मर्यादा असलेल्या राज्यांत तीच पिस्तुलं १० च्या मॅगझिनसोबत विकली जातात. एआर-१५ धाटणीच्या रायफलला ३० चं असतं. म्हणजे कायदा पिस्तूल काढून घेत नाही, मॅगझिन बदलण्याची वेळ लवकर आणतो. सगळा वाद त्या बदलण्याला लागणाऱ्या सेकंदांचा आहे.

ते सेकंद मी टायमर लावून मोजत असतो. सराव असलेला माणूस मॅगझिन दीड-दोन सेकंदांत बदलतो. डोळे समोरच, अंगठा बटणावर, जुनं पडतंय तोवर दुसऱ्या हातात नवीन तयार. नवशिक्याचं बघण्यासारखं असतं. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे अडकून थांबते आणि त्याच्या लक्षातच येत नाही की गोळ्या संपल्या आहेत. तो आणखी दोनदा चाप ओढतो. मग मान खाली घालून पट्ट्याशी चाचपडतो, मॅगझिन उलटं धरतो, घातलंच तर अर्धवट घालतो, मग ते खाली पडतं. पाच-सहा सेकंद सहज जातात, आणि हे सगळं शांत हॉलमध्ये, कुणीही अंगावर येत नसताना. माझं लक्ष घड्याळापेक्षा त्या खाली गेलेल्या मानेकडे जास्त असतं. तेवढा वेळ त्याला समोर काय चाललंय ते दिसत नसतं.

तुमच्या पत्नीची बाजू भक्कम आहे ती इथे. ८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये एका सुपरमार्केटच्या बाहेर खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स लोकांना भेटत होत्या. हल्लेखोराकडे ग्लॉक-१९ आणि त्याला लावलेलं ३३ गोळ्यांचं लांबलचक मॅगझिन. सहा जण मेले, त्यांत नऊ वर्षांची एक मुलगी. ते मॅगझिन संपल्यावर तो दुसरं घालायला गेला तेव्हाच लोकांनी त्याला खाली पाडलं, आणि पॅट्रिशिया मेश नावाच्या बाईंनी ते दुसरं मॅगझिन त्याच्या हाती लागू दिलं नाही. गिफर्ड्स यांचे पती मार्क केली यांनी २०१३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की त्या मुलीला लागलेली गोळी तेरावी होती. दहाचं मॅगझिन असतं तर, हा त्यांचा पुढचा मुद्दा. मी तो ऐकतो तेव्हा मला माझे नवशिके आठवतात आणि प्रतिवाद सुचत नाही.

पण मेव्हणेही अगदीच हवेत बोलत नाहीत. १६ एप्रिल २००७, व्हर्जिनिया टेक विद्यापीठ. मेलेल्या ३२ जणांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती, त्यामुळे महाराष्ट्रातही ही बातमी घरोघर पोचली होती. तिथल्या हल्लेखोराकडे दोन पिस्तुलं होती आणि मॅगझिनं १० आणि १५ गोळ्यांचीच, फक्त पाठपिशवीत ढीगभर. बंद वर्गखोल्या, बाकांखाली दडलेली मुलं. मॅगझिन बदलताना त्याच्या अंगावर झेप घेण्याइतकं जवळ कुणी नव्हतं. चौकशी करणाऱ्या राज्याच्या समितीनेही म्हटलं की दहाची मर्यादा असती तरी त्या दिवशी फारसा फरक पडला नसता. २०१७ मध्ये लास व्हेगासला हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून खालच्या संगीत महोत्सवावर गोळीबार झाला तेव्हा तर त्या माणसाने बंदुकांची रांगच लावून ठेवली होती. एक रिकामी झाली की दुसरी उचलायची. खालून त्याला धरणार कोण?

म्हणजे मॅगझिन बदलताना गोळीबारात पडणारा हा खंड उपयोगी पडतो तो हल्लेखोराच्या हाताच्या अंतरावर माणसं असतील तेव्हा, किंवा पळायला दार असेल तेव्हा. सँडी हूकच्या शाळेत, डिसेंबर २०१२ मध्ये, गोळीबार मध्येच थांबला तेवढ्यात एका वर्गातली काही मुलं निसटली. मॅगझिन बदलण्यामुळे थांबला की बंदूक अडकल्यामुळे, हे तपासातही पक्कं झालं नाही. दोन्ही बाजू आपापल्या सोयीने ती गोष्ट सांगतात.

व्हर्जिनिया टेकमधली खरी भगदाडाची जागा वेगळीच होती आणि ती कुणी फारशी सांगत नाही. न्यायालयाने त्या मुलाला मानसिक उपचार घेण्याचा आदेश दिला होता, तो स्वतःसाठी धोकादायक असल्याचं नोंदवलं होतं. केंद्रीय कायद्यानुसार त्याला पिस्तूल विकायलाच नको होतं. पण ती नोंद राज्याकडून पार्श्वभूमी तपासणीच्या केंद्रीय यंत्रणेत गेली नाही. त्याने दुकानात फॉर्म भरला, तपासणी पार पडली, पिस्तूल हातात आलं. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला राज्यांनी अशा नोंदी पाठवाव्यात म्हणून नवा केंद्रीय कायदा झाला. तेव्हा "गुन्हेगार कुठे कायदा पाळतात" हे मेव्हण्यांचं पालुपद अशा हल्ल्यांना लागू पडत नाही. टूसॉन, व्हर्जिनिया टेक, ऑरोराचं चित्रपटगृह, लास व्हेगास, इथल्या सगळ्या हल्लेखोरांनी काउंटरवर उभं राहून, फॉर्म भरून खरेदी केली होती.

देशभर हवं म्हणाल तर ते एकदा करून झालं आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये काही प्रकारच्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांसोबत दहापेक्षा मोठ्या मॅगझिनच्या नव्या उत्पादनावर केंद्राने बंदी घातली. दहा वर्षांची मुदत कायद्यातच होती, सप्टेंबर २००४ मध्ये ती संपली आणि कुणी वाढवली नाही. त्या काळात जुनी मॅगझिनं मात्र कायदेशीर राहिली आणि बाजारात खोऱ्याने होती, फक्त महाग झाली. त्या बंदीचा अभ्यास करणाऱ्या ख्रिस्तोफर कोपर यांनी २००४ मध्ये लिहिलं की एकूण बंदूक-हिंसेवरचा परिणाम फार तर किरकोळ, कदाचित मोजताही न येण्याइतका असेल. मेव्हण्यांचा पक्ष हे वाक्य फार आवडीने सांगतो. पण त्याच अहवालात हेही आहे की साठा इतका होता की परिणाम दिसायला वेळ लागणार होता. तो वेळ मिळालाच नाही. अलीकडे रँड या संशोधन संस्थेने उपलब्ध अभ्यासांची छाननी केली, त्यात मोठ्या मॅगझिनवरच्या बंदीने सामूहिक गोळीबार कमी होतात याला मर्यादित पुरावा असल्याचं म्हटलं आहे. थोतांड म्हणायला हे जास्त आहे आणि खात्री म्हणायला कमी.

आणि आता ती गोष्ट, जी दोन्ही पक्ष घाईने ओलांडून जातात. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं मेली. त्यांतल्या सुमारे २७,३०० आत्महत्या. तिथे मॅगझिन दहाचं की तीसचं याला काय अर्थ? एक गोळी लागते. उरलेल्यांत बहुतेक खून एकेकट्या माणसाचे आहेत, त्यांतही पहिल्या पाच-सात गोळ्यांत काय ते होऊन जातं. टीव्हीवर दिवसचे दिवस चालणारे सामूहिक हल्ले एकूण मृत्यूंत अगदी थोडे भरतात. म्हणून मॅगझिनच्या कायद्याने वर्षाचा आकडा खाली येईल अशी आशा धरणाऱ्याची निराशाच होणार. त्या कायद्याचं काम एवढंच: एखाद्या दिवशी, एखाद्या ठिकाणी, तेरावी गोळी उशिरा सुटावी.

माझं मत विचारलंत म्हणून: नव्या विक्रीवर मर्यादा मला मान्य आहे, आणि आमच्या धंद्यात हे म्हणणारा मी तसा एकटाच. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत केंद्रीय नियमाने शॉटगनमध्ये तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत, म्हणून नळीखालच्या मॅगझिनमध्ये लाकडी दांडकं किंवा प्लॅस्टिकची कांडी घालतात. १९३० च्या दशकापासून हे चालू आहे. बदकांसाठी तीन चालतात, तिथे कुणी राज्यघटना काढून दाखवत नाही. दहा हा आकडा मात्र कुठल्या शास्त्रातून आलेला नाही, गोल आहे म्हणून आला. कोलोरॅडोत १५ आहे, डेलावेअरमध्ये १७, इलिनॉयमध्ये रायफलला १० आणि पिस्तुलाला १५. न्यू यॉर्कने २०१३ मध्ये गंमतच केली होती: मॅगझिन दहाचं ठेवा, पण त्यात सातच भरा. दहाचं बाजारात मिळतं, सातचं मिळत नाही, म्हणून हा तोडगा. त्याच वर्षाअखेर केंद्रीय न्यायाधीशांनी ती सातची अट मनमानी ठरवून काढून टाकली. तुम्ही विचारलेली "१० च भरल्या तर" ही कल्पना बहुधा तिथूनच फिरत फिरत आली असावी.

जवळ बाळगण्यावरची बंदी मला तितकीशी पटत नाही. काल रीतसर घेतलेली वस्तू आज कपाटात आहे म्हणून माणूस गुन्हेगार, हे जड जातं, आणि व्यवहारात त्याची अंमलबजावणी कपाटं न उघडता होत नाही. पोलिसांची सूट तर युक्तिवादालाच भोक पाडते. कामावरच्या पोलिसाचं मी समजू शकतो. पण निवृत्त पोलिसाला स्वसंरक्षणासाठी १५ लागतात आणि त्याच्या शेजारणीला १० पुरतात, हे कुणी मला नीट समजावून दिलेलं नाही. राजकारण म्हणून कळतं. पोलीस संघटना विरोधात गेल्या तर विधेयक पुढे सरकत नाही.

दुसऱ्या बाजूचा "घरात तीन-चार चोर शिरले तर" हा युक्तिवादही मी वर्गात ऐकतो. असं कधीच होत नाही असं नाही. पण घरात पिस्तूल झाडायची वेळ आलेल्यांच्या बहुतेक प्रकरणांत दोन-चार गोळ्यांत प्रकरण संपतं. कॅलिफोर्नियाच्या मॅगझिन-बंदीच्या खटल्यात राज्याने याच मुद्द्यावर तज्ज्ञांच्या साक्षी दिल्या. उलट बाजूने म्हटलं, सरासरी बघून विमा घेतो का आपण? दोन्ही बरोबर. घाबरलेल्या माणसाचा नेम किती चुकतो हे मी पाहिलं आहे, त्यामुळे जास्त गोळ्या म्हणजे जास्त संरक्षण हे गणित मात्र मला मान्य नाही. चुकलेली प्रत्येक गोळी एडिसनसारख्या दाट वस्तीत शेजाऱ्याच्या भिंतीतून जाते.

न्यायालयांचं सांगायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालानंतर सगळाच खेळ बदलला. बंदुकीच्या कायद्याने किती फायदा होतो हे आता न्यायाधीशांनी तोलायचं नाही, असा कायदा या देशाच्या इतिहासात आणि परंपरेत बसतो का ते बघायचं. मग वकील अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले कायदे उकरायला लागले: बोवी सुऱ्यांवरचे निर्बंध, दाराला बांधलेल्या सापळा-बंदुका, बॉस्टनमध्ये घरात बंदुकीच्या दारूची पिंपं किती ठेवायची याचे नियम. विरोधी पक्ष जिरांदोनी हवाई रायफल आणतो, जी १८ व्या शतकाच्या अखेरीस लागोपाठ वीसेक गोळ्या मारायची आणि लुईस-क्लार्क मोहिमेत होती. सामूहिक गोळीबाराबद्दलचा वाद पिंपांवर येऊन थांबतो, हे मला अजूनही विचित्रच वाटतं.

कॅलिफोर्नियाचा खटला बघा. तिथे मोठ्या मॅगझिनची विक्री २००० पासून बंद आहे, २०१६ मध्ये मतदारांनी जवळ बाळगण्यावरही बंदी मंजूर केली. सॅन दिएगोचे न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी मार्च २०१९ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. निकालाला स्थगिती मिळेपर्यंत आठवडाभर विक्री खुली झाली आणि दुकानांतली मॅगझिनं पार धुऊन निघाली. २०२३ मध्ये त्यांनी पुन्हा तोच निकाल दिला. मार्च २०२५ मध्ये नवव्या सर्किटच्या (कॅलिफोर्नियावरच्या केंद्रीय अपील न्यायालयाच्या) मोठ्या खंडपीठाने ७ विरुद्ध ४ मतांनी बंदी कायम ठेवली. त्यांचं म्हणणं, असं मॅगझिन हे शस्त्र नव्हे, शस्त्राचा जोडभाग. विरोधी मत देणाऱ्या एका न्यायाधीशाने आपल्या दालनात पिस्तुलं हाताळून दाखवणारा व्हिडिओच मतासोबत जोडला, कारण जोडभाग आणि मूळ भाग असा फरक करता येत नाही हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांची पद्धत सहकाऱ्यांना रुचली नाही, पण मुद्द्यात दम आहे: मॅगझिनशिवाय ते पिस्तूल एका गोळीचं राहतं. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऱ्होड आयलंडच्या दहाच्या मर्यादेविरुद्धची याचिका ऐकायला नकार दिला. म्हणून मेव्हणे "हा कायदा पडणारच आहे" म्हणत असतील, तरी पडेपर्यंत तो कायदाच आहे.

तुमचे सासरे पुण्याहून म्हणतात की भारतात असा वाद का नाही, हेही तुम्ही लिहिलंय. कारण तिथे सुरुवातच उलट टोकापासून होते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना नसेल तर शस्त्र नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं केली. काडतुसं किती घ्यायची ते परवान्यावर ठरलेलं, आणि निवडणूक आली की अनेकांना पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करायची नोटीस येते. माणसालाच आधी गाळून घेतलं की मॅगझिनकडे बघायची वेळ येत नाही. अमेरिकेत माणसाला गाळणं घटनेमुळे अवघड, म्हणून डब्याचं माप मोजतात.

आता व्यवहाराचं. न्यू जर्सीत राहायला आल्यावर ६० दिवसांत शस्त्र-खरेदीदार ओळखपत्रासाठी अर्ज आणि पिस्तुलाची नोंदणी करायची, हे २०२२ पासून बंधनकारक आहे. येण्याआधीच तिथल्या शस्त्रकायद्याच्या वकिलाशी एक तास बोलून घ्या, अर्जाचे तपशील बदलत राहतात. तुमच्या पिस्तुलासाठी त्याच कंपनीचं १० चं मॅगझिन मागवा, दोन-तीन घ्या, स्वस्त असतात. प्रवासात पिस्तूल रिकामं, कुलूपबंद पेटीत, गाडीच्या मागच्या कप्प्यात, गोळ्या वेगळ्या. केंद्रीय कायदा राज्याराज्यांतून जाणाऱ्याला थोडं संरक्षण देतो, पण त्याच्या मजकुरात बंदूक आणि काडतुसं आहेत, मॅगझिनचं नाव नाही, तेव्हा त्या भरवशावर १५ ची मॅगझिनं सोबत घेऊन निघू नका. पोकळ टोकाच्या गोळ्यांचे न्यू जर्सीचे नियमही कडक आहेत, घरी चालतात, इतरत्र नेण्यावर बंधनं आहेत, वकिलाला तेही विचारा.

घरात मुलं आहेत का ते तुम्ही लिहिलं नाहीत. असोत-नसोत, बोटाच्या ठशावर किंवा आकड्यावर उघडणारी पोलादी पेटी घ्या आणि ती भिंतीला किंवा पलंगाला बोल्टने पक्की करा. वरच्या आत्महत्यांच्या आकड्याशी या पेटीचा संबंध मॅगझिनपेक्षा कितीतरी जवळचा आहे. आणि सामान हलवणाऱ्या बहुतेक कंपन्या काडतुसं घेत नाहीत, पुष्कळशा बंदुकाही घेत नाहीत. ट्रक दारात उभा राहायच्या आधी त्यांना फोन करून विचारा.